घरच्या ओटीजीत लादीपाव: एकच कृती, पाच रविवार

घरी पाव करायला घेणाऱ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. पहिल्या रविवारी पाव दगड होतो. दुसऱ्या रविवारी दुसरीच कृती घेतली जाते, यीस्ट वाढवलं जातं, पाण्याऐवजी दूध येतं, ओव्हन दोनशेवर जातो. पाव वरून काळा, आतून कच्चा. तिसऱ्या रविवारी तिसरी कृती. चौथ्या रविवारपर्यंत ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा छोटा ओव्हन, ओट्यावरून माळ्यावर गेलेला असतो.

पाच गोष्टी एकदम बदलल्या की आधी काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि चुकून जमलंच तर का जमलं तेही कळत नाही. म्हणून इथे एकच कृती दिली आहे. ती पाच रविवार करायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहून ठेवायची. सुरुवातीला लादीपावच घ्या, कारण त्यात चूक लपत नाही. पाव फोडला की ती समोर दिसते. शिवाय सामान स्वस्त आहे, आणि फसलेल्या लादीचा चुरा करून तो कटलेटला वापरता येतो.

१. आदल्या दिवशीची तयारी

ही पायरी जवळजवळ सगळेच वगळतात, आणि निम्म्या लाद्या इथेच बिघडतात.

*वजनकाटा.* एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा घ्या. वाटीच्या मापावर पाव शिकता येत नाही. कपात मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम बसतो, डब्यात कप खुपसून दाबून भरला तर १५० च्या घरात जातो. अडीच कप म्हणजे एका घरी ३०० ग्रॅम आणि दुसऱ्या घरी ३७५. पाणी दोघींनीही १९० ग्रॅमच घातलं तर पहिलीचं पीठ मऊ होतं आणि दुसरीचं पुरीच्या पिठासारखं घट्ट. दोघीही शपथेवर सांगतील की कृती तंतोतंत पाळली.

*यीस्ट.* बाजारात दोन प्रकारचं कोरडं यीस्ट मिळतं. इन्स्टंट यीस्टचे कण बारीक असतात, ते थेट मैद्यात मिसळतात. अॅक्टिव्ह ड्राय यीस्टचे कण रव्यासारखे जाड असतात, ते आधी कोमट पाण्यात भिजवावं लागतं. पाकीट वाचून घ्या. या कृतीत इन्स्टंट यीस्ट धरलं आहे.

पाकीट उघडून महिने झाले असतील, किंवा ते नुसतंच क्लिप लावून फडताळात ठेवलं असेल, तर आधी परीक्षा घ्या. अर्धी वाटी कोमट पाण्यात एक चमचा साखर आणि एक चमचा यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. वर दाट फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. नुसता गढूळपणा आणि दोनचार बुडबुडे दिसले तर टाकून द्या. असं यीस्ट दुप्पट घालून काम भागत नाही. उघडलेलं यीस्ट हवाबंद डबीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर ते बाहेर ठेवूच नका.

*ओटीजी.* याबाबत मी स्वतः चार महिने वाया घालवले. माझे पाव वरून फिकट, तळाशी ओलसर आणि चिवट होत. मी मळणं बदललं, मैदा बदलला, यीस्ट बदललं. मग कोणीतरी ओव्हन थर्मामीटर आणून दिला. तो जाळीवर ठेवला तेव्हा दिसलं की बटणावर १८० आहे आणि आत जेमतेम १५०. मैद्याचा काही दोष नव्हता.

म्हणून आदल्या संध्याकाळी एवढं करा. साचा ज्या जाळीवर ठेवणार आहात तिथे थर्मामीटर ठेवा, वरच्या-खालच्या दोन्ही कांड्या (तापणाऱ्या सळ्या) चालू करा, बटण १९० वर न्या. १०, १५, २० आणि २५ मिनिटांनी आकडा बघून लिहा. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नसतं. आतली हवा पटकन तापते, पत्र्याला वेळ लागतो. दार उघडलं की तापमान धाडकन खाली येतं ते यामुळेच. माझा ओटीजी १९० ला पोचून तिथे स्थिर व्हायला २२ मिनिटं घेतो, आणि बटण २१५ वर ठेवावं लागतं. तुमचे आकडे वेगळे असतील. ते ओव्हनच्या दारावर चिकटवून ठेवा.

ओव्हन तापलेलाच आहे तर आणखी एक गोष्ट बघून घ्या. विकतच्या ब्रेडच्या स्लाइस जाळीवर शेजारी शेजारी मांडा आणि पाचसहा मिनिटांनी बघा. कुठली स्लाइस आधी लाल झाली तो तुमच्या ओव्हनचा तापट कोपरा. भाकरीच्या तव्याला असा कोपरा असतो हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण भाकरी फिरवतो. लादीही फिरवावी लागते.

> तपासा: काटा आहे, यीस्ट जिवंत आहे, ओव्हनचं खरं तापमान माहीत आहे, वही-पेन ओट्यावर आहे. यातलं एक जरी नसेल तर उद्याची लादी पुढे ढकला.

२. प्रमाण

२० सेंटीमीटरच्या, म्हणजे ८ इंची चौकोनी साच्यात ९ पाव:

- मैदा ३०० ग्रॅम
- पाणी १९० ग्रॅम
- इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम (सपाट दीड छोटा चमचा)
- मीठ ५ ग्रॅम
- साखर १५ ग्रॅम
- दूध पावडर १५ ग्रॅम
- मऊ लोणी २५ ग्रॅम

मैदा ताजा आणि चाळलेला हवा. पाकिटामागे दर १०० ग्रॅमला प्रथिनं किती ते छापलेलं असतं. दोन पाकिटांत निवड असेल तर जास्त प्रथिनं असलेलं घ्या, पिठाची तार, म्हणजे न तुटता ताणलं जाण्याची ताकद, त्यातूनच येते. लोण्याऐवजी विकतचं खारं बटर असेल तर मीठ चिमूटभर कमी करा.

पाणीही काट्यावरच मोजा. आणि पाचही रविवार एकाच कंपनीचा मैदा वापरा, कारण पाकीट बदललं की पाणी शोषण्याची ताकद बदलते आणि वहीतला आधीचा आकडा निरुपयोगी होतो.

३. पाणी किती गरम

प्रत्येक कृतीत ‘कोमट पाणी’ लिहिलेलं असतं. डिसेंबरातल्या पुण्यात ते ठीक आहे. मे महिन्यातल्या नागपुरात किंवा ठाण्यात त्याच कोमट पाण्याने पीठ अर्ध्या तासात उतू जातं, आंबट वास मारतं आणि पाव चपटा होतो.

मळून झालेल्या पिठाचं तापमान २७ अंशांच्या आसपास असावं, एवढं लक्षात ठेवा. त्याचा हिशेब सोपा आहे. २७ ची तिप्पट ८१. त्यातून स्वयंपाकघराचं तापमान वजा करा, मैद्याचं तापमान वजा करा, आणि हाताने मळताना जी ऊब येते तिचे २ अंश वजा करा. उरेल ते पाण्याचं तापमान.

उन्हाळ्यात स्वयंपाकघर ३४ आणि मैदाही ३४: ८१ − ३४ − ३४ − २ = ११. म्हणजे फ्रीजमधलं गार पाणी. थंडीत दोन्ही २० असतील तर ८१ − २० − २० − २ = ३९. म्हणजे दही लावताना दूध जेवढं कोमट ठेवतो तेवढं. विरजणासाठी बोट घालून बघायची आपल्या हाताला सवय असते, तीच इथे कामाला येते.

> सावध: हिशेबात ४० च्या वर आकडा आला तरी पाणी त्याहून गरम घेऊ नका. साठीच्या घरात यीस्ट मरतं. बोटाला चटका बसणारं पाणी म्हणजे लादी गेली.

४. कालवणं आणि वीस मिनिटं थांबणं

परातीत मैदा, दूध पावडर, साखर आणि यीस्ट कोरडंच एकत्र करा. मीठ बाजूला ठेवा. पाण्यातलं १५ ग्रॅम एका वाटीत काढून ठेवा आणि उरलेलं घालून हाताने कालवा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. मळायचं नाही. ओल्या फडक्याने झाकून वीस मिनिटं ठेवून द्या.

या वीस मिनिटांत मैदा पाणी पितो आणि पिठाला आपोआप तार यायला लागते. पुरणपोळीची कणीक भिजवून ठेवतो तसंच हे आहे. जे ही वीस मिनिटं वाचवतात त्यांना पुढे दहा मिनिटं जास्त मळावं लागतं. आणि चिकट वाटतंय म्हणून ते वर मैदा भुरभुरतात. चूक तिथेच होते.

वीस मिनिटांनी मीठ घाला. बाजूला काढलेलं पाणी चमच्याचमच्याने घालत आणखी दोन मिनिटं मळा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरंच सैल आणि हाताला लागणारं हवं. वाटीत पाणी उरलं तर किती उरलं ते मोजून लिहा.

५. तिंबणं

आता लोणी घाला. पहिली दोन मिनिटं पीठ फाटतं, घसरतं, परातभर पसरतं आणि सगळं बिघडलं असं वाटतं. तसंच चालू ठेवा. लोणी जिरलं की पीठ परत एकत्र येतं.

तळव्याने पुढे ढकला, बोटांनी मागे ओढून घडी घाला, परात चतुर्थांश वळसा फिरवा, परत ढकला. फारच चिकट वाटलं तर गोळा उचलून परातीत आपटा आणि घडी घाला. अशी दहा ते बारा मिनिटं मळा. घड्याळ लावा, कारण अंदाजाने मळणाऱ्याची दहा मिनिटं चारच मिनिटांत संपतात.

> सावध: हाताला चिकटतंय म्हणून मैदा घालू नका. दर वेळी मूठभर मैदा गेला की मोजलेल्या प्रमाणाला अर्थ राहत नाही. हाताला थेंबभर तेल लावा, किंवा पाच मिनिटं झाकून ठेवा आणि परत घ्या.

झालं की नाही ते कसं ओळखायचं? लिंबाएवढा तुकडा तोडा. दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळूहळू चारी बाजूंनी ताणा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. पीठ मळून झालं असेल तर मधे सायीसारखा पातळ पडदा तयार होतो, त्यातून पलीकडच्या बोटाची सावली दिसते, आणि फाटलाच तर कड गुळगुळीत गोल फाटते. ताणल्याबरोबर तुकडा तुटला, कड दातेरी दिसली, तर आणखी तीन मिनिटं मळा आणि परत बघा. पडदा दिसेपर्यंत पुढची पायरी घेऊ नका. मला विचाराल तर सगळ्या कृतीत कौशल्य आहे ते एवढंच, आणि ते दोनतीन रविवारांत हाताला कळतं.

६. पहिलं फुगणं

पिठाचा गोळा करून, तेलाचा हात लावून, उभ्या भिंतीच्या भांड्यात ठेवा. काचेची बरणी किंवा सरळ डबा चांगला. पसरट पातेल्यात दुप्पट झालं की नाही ते डोळ्याला कळत नाही. पिठाची पातळी जिथे असेल तिथे बाहेरून रबरबँड लावा. काय वेळ झाली ते लिहा.

पीठ २७ अंशांचं असेल तर दुप्पट व्हायला तास ते सव्वा तास लागतो. उन्हाळ्यात पाऊण तासातही होतं, थंडीत दोन तास लागतात. कृतीतला तास हा अंदाज आहे. पीठ रबरबँडपासून दुप्पट उंचीला पोचलं की पुढे जायचं, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो.

थंडीत भांडं बंद ओटीजीत ठेवा आणि शेजारी गरम पाण्याची वाटी ठेवा. ओव्हन चालू करायचा नाही. ‘एक मिनिट चालू करून बंद करते’ म्हणत बटण विसरलेल्यांचं पीठ भांड्यातच शिजलेलं मी पाहिलं आहे.

> तपासा: मैद्यात बुडवलेलं बोट पिठात दोन पेरं खुपसा. खड्डा तसाच राहिला तर तयार. लगेच भरून आला तर आणखी पंधरा मिनिटं. बोट लावताच सगळं पीठ खाली बसलं आणि ताडीसारखा वास आला तर वेळ उलटून गेली आहे. हलकेच गोळा करून लगेच उंडे वळा, आणि पुढच्या वेळी पाणी पाच अंश गार घ्या.

७. उंडे

पीठ ओट्यावर काढून तळव्याने दाबा, मोठे बुडबुडे जाऊ द्या. काट्यावर तोलून ६० ग्रॅमचे नऊ तुकडे करा. अंदाजाने केले तर एक ४५ चा आणि एक ७५ चा होतो, छोटा करपतो तेव्हा मोठा आत कच्चा असतो.

उंडा वळताना पुरणाच्या उंड्यासारखं करा: कडा ओढून मधे आणा, चिमटीत बंद करा, उलटा करा. मग हाताचा पंजा त्याच्यावर वाटीसारखा ठेवून ओट्यावर गोल फिरवा. ओट्यावर मैदा किंवा तेल नको, खालून जरा पकड लागते. आठदहा फेऱ्यांत वरची कातडी ताणली जाते आणि उंडा टणक होतो. ही कातडी सैल राहिली तर पाव वर न जाता आडवा पसरतो.

साच्याला तळाशी आणि चारी बाजूंना लोणी लावा. उंडे तीनच्या तीन ओळींत, चिमटीची बाजू खाली, मधे बोटभर जागा ठेवून मांडा. जागा अजिबात सोडली नाही तर पाव एकमेकांना दाबून वाकडे होतात. जास्त सोडली तर लादी न होता नऊ सुटे बन होतात.

८. दुसरं फुगणं आणि ओव्हनची वेळ

साच्यावर ओलसर फडकं घाला. पस्तीस ते पन्नास मिनिटांत उंडे एकमेकांना चिकटतात आणि साच्याच्या काठाजवळ येतात.

पुष्कळ लाद्या इथेही बिघडतात, आणि कारण क्रमाचं असतं. पाव फुगून तयार झाल्यावर लोक ओव्हन चालू करतात. ओव्हन तापेपर्यंतच्या वीस मिनिटांत पाव आणखी फुगतो, ताण सुटतो, आणि आत गेल्यावर मधोमध खाली बसतो. उंडे साच्यात ठेवून वीस मिनिटं झाली की ओव्हन चालू करा. तुमच्या ओटीजीला तापायला किती वेळ लागतो ते तुम्ही आदल्या दिवशी लिहिलेलंच आहे, त्याप्रमाणे मागे-पुढे करा.

> तपासा: उंड्याच्या बाजूला बोटाचं टोक हलकेच दाबा. खळगा पटकन भरला तर अजून थांबा. हळूहळू, अर्धवट भरला तर आत ठेवा. अजिबात भरला नाही तर क्षणभरही थांबू नका.

९. भाजणं

वरून ब्रशने दूध लावा, हात हलका ठेवा. साचा खालच्या जाळीवर ठेवा. वरच्या कांडीत आणि पावाच्या डोक्यात चारेक बोटं अंतर राहायला हवं, पाव आत गेल्यावर आणखी वर येतो. खरं तापमान १९० अंश. पंखा असलेला ओव्हन असेल तर १७५.

पहिली बारा मिनिटं दार उघडू नका. बाराव्या मिनिटाला साचा फिरवून ठेवा, तापट कोपरा आठवा. वरून रंग फार लवकर आला तर अॅल्युमिनियम फॉइल अलगद वर टाका, ओव्हन कमी करू नका. एकूण वीस ते बावीस मिनिटं लागतात.

रंगावरून पाव शिजला की नाही ते कळत नाही. दुधाने आणि साखरेने रंग लवकर येतो. टोचायचा थर्मामीटर असेल तर मधल्या पावात बाजूने खुपसा, ९३ च्या आसपास आला पाहिजे. नसेल तर लादी साच्यातून काढून उलटी करा आणि बुडावर टिचकी मारा. पोकळ आवाज आला तर झाला. बूड फिकट आणि मऊ असेल तर साच्याशिवाय तीन मिनिटं परत आत ठेवा.

काढल्याबरोबर वरून लोणी फिरवा, पाच मिनिटांनी साच्यातून काढून जाळीवर ठेवा. साच्यातच गार झाला तर वाफेने बूड ओलं होतं. अर्धा तास पाव फोडू नका. आतली वाफ अजून काम करत असते, गरम पाव कापला की सुरीला पीठ लागतं आणि चांगली भाजलेली लादी कच्ची आहे असं वाटून तुम्ही वहीत चुकीचा शेरा लिहिता.

वेळेचा अंदाज हवा तर असा: आठला मैदा मोजा, साडेआठला तिंबायला घ्या, पावणेनऊला फुगायला ठेवा, दहाला उंडे, पावणेअकराला ओव्हनमध्ये, सव्वाअकराच्या आत बाहेर. मिसळ पावणेबाराला वाढायची असं घरात आधीच सांगून ठेवा.

१०. पाव फोडून वाचणं

मधला एक पाव आणि कोपऱ्यातला एक पाव घ्या. हाताने न फोडता दातेरी सुरीने उभा कापा आणि कापलेली बाजू उजेडात धरा. आतल्या भोकांची जाळी बघा. बारीक, एकसारखी, वरपासून खालपर्यंत सारखी जाळी हवी. बोटाने दाबून सोडलं तर पाव परत वर यायला हवा.

जाळी गच्च, पाव जड, आणि बाजूला फाटल्याच्या खुणा: दुसरं फुगणं कमी पडलं. पहिल्याच फुगण्यात पीठ हललं नव्हतं तर दोष यीस्टचा किंवा पाण्याच्या तापमानाचा.

वरच्या कातडीखाली मोठाली भोकं, डोकं सुरकुतलेलं, चव आंबटसर: फुगणं जास्त झालं. वेळ कमी करण्याआधी पाणी गार करून बघा, उन्हाळ्यात खरं कारण तेच असतं.

तळाशी बोटभर ओला, पारदर्शक पट्टा: भाजणं कमी पडलं, किंवा खालची कांडी नीट तापत नाही. हा पट्टा माझ्या लाद्यांत चार महिने होता.

पाव भुगा होतो, लोणी लावताना तुटतो: मळणं कमी किंवा पाणी कमी. वाटीत पाणी उरलं होतं का ते वहीत बघा.

शिजलाय पण रंगच नाही: ओव्हन थंड. वरचं कवच जाड आणि कडक: तेच कारण, थंड ओव्हनमध्ये जास्त वेळ राहिला.

चव सपक आणि पीठ नेहमीपेक्षा लवकर फुगलं: मीठ विसरलं. असं होतं, म्हणून मीठ मोजून वाटीत काढून परातीशेजारी ठेवा.

वहीत एका ओळीत एवढं लिहा: तारीख, स्वयंपाकघराचं तापमान, पाण्याचं तापमान, पाणी किती लागलं, पहिलं फुगणं किती मिनिटं, दुसरं किती, भाजणं किती, आणि कापलेल्या पावाबद्दल एक वाक्य. सोबत फोटो. ‘छान झाला’ हे वाक्य पुढच्या रविवारी काही कामाचं नाही. ‘मधला पाव मऊ, कोपऱ्यातल्याचं बूड ओलं’ हे आहे.

११. पाच रविवारांचा क्रम

पहिल्या रविवारी कृती जशी आहे तशी. जमो न जमो, बदल नाही.

दुसऱ्या रविवारी वरच्या यादीतला सगळ्यात मोठा एकच दोष उचला आणि त्याची एकच दुरुस्ती करा. दोन दोष दिसत असतील तर आधी ओव्हनचा, मग फुगण्याचा, मग मळण्याचा. ओव्हन चुकलेला असताना बाकी काहीही सुधारलं तरी ते पावात दिसत नाही.

तिसऱ्या रविवारी पुढचा दोष. चौथ्या रविवारी पाणी १० ग्रॅम वाढवून बघा. पीठ सांभाळायला अवघड जातं, पण पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. नाही आवडलं तर परत १९० वर या.

पाचव्या रविवारी काहीच बदलू नका. चौथ्यांदा जो पाव जमला तोच परत करा. ही पायरी लोकांना वाया गेल्यासारखी वाटते, पण एकदा जमलेला पाव योगायोगही असू शकतो. तोच परत, तसाच जमला तर तो तुमचा.

१२. ठेवणं

पूर्ण गार झालेली लादी कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथल्या थंडीत पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा आणि कोरडा होतो. पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी येते, म्हणून उरलेले पाव त्याच दिवशी पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये टाका आणि लागतील तसे तव्यावर झाकण ठेवून गरम करा.

१३. पुढे कणकेचा पाव हवा असेल तर

घरोघरी पहिल्या जमलेल्या लादीनंतर लगेच विचारणा होते, ‘गव्हाचा कर ना.’ एकदम सगळा मैदा काढलात तर परत दगड मिळेल. कणकेतला कोंडा पाणी जास्त पितो आणि पिठाची तार तोडतो. ३०० पैकी ६० ग्रॅम मैद्याच्या जागी कणीक घ्या, पाणी १० ग्रॅम वाढवा, कालवून ठेवायची वीस मिनिटं तीस करा. बाकी सगळं जसंच्या तसं. तो पाव दोनदा सारखा जमला की मग ९० ग्रॅम, आणि वहीचं नवीन पान.